गाळाच्या मागावर : महाबळेश्वर ते हरिपूर

समुद्री गवताची कुरणे पाहायची तर माणूस किनारा गाठतो. आम्ही मात्र श्रावणातल्या भर पावसात सह्याद्रीचा माथा गाठला, कारण त्या कुरणांचे बरेवाईट जिथे ठरते ती जागा आम्हांला पाहायची होती. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा सुट्टीसाठी साताऱ्याला आला होता. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या चिखलावर ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे, बोटाच्या पेराहूनही लहान पानांचे हॅलोफिला बेकारी हे समुद्री गवत त्याने पाहिले होते. मी स्वतः मागल्या हिवाळ्यात तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर लाटांनी लोटून आणलेल्या समुद्री गवताच्या राशी पाहून आले होते. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे आहेत, जमिनीखालून सरपटत जाणारे खोड आहे, फुले आणि बिया आहेत, आणि जमिनीवरच्या कोणत्याही झाडाप्रमाणे ते सूर्यप्रकाशावर जगते. जगभरात त्याच्या साठ-सत्तर जाती आहेत. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, जवळजवळ पूर्णपणे ह्याच गवतावर पोसली जाते, आणि कोळंबीची व माशांची असंख्य पिल्ले ह्याच पानांच्या आडोशाने मोठी होतात.

ह्या गवतावरची मोठी संकटे जमिनीवरून येतात. नद्यांबरोबर येणारी माती पाणी गढूळ करते, शेतांतून येणारे खत पाण्यात शेवाळ माजवते, आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो, तो म्हणजे तळाशी अंधार पडतो. सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही; परंतु आपल्या डोंगरांवरून पाणी दोन समुद्रांकडे जाते. म्हणून ह्या पाण्याबरोबर काय वाहून जाते ते सुरुवातीपासून पाहावे, असे आमचे ठरले. सोबत चहाचा थर्मास, छत्र्या, चिकटपट्ट्या आणि काचेच्या स्वच्छ धुतलेल्या रिकाम्या बाटल्या घेतल्या.

गुरुवार : वाई आणि पसरणीचा घाट

वाईला गणपती घाटावर कृष्णा बऱ्याच पायऱ्या चढून वर आली होती. पाण्याचा रंग विटेसारखा लाल होता. घाटाच्या वरच्या अंगाला फुलांची टोपली घेऊन बसलेल्या आजींना मी सहज विचारले की, वर धोमचे धरण असताना नदी इतकी लाल कशी. त्या म्हणाल्या, "धरणाचं पानी येगळं आनि वढ्याचं येगळं, बाई. निस्तं धरणाचं सोडलं तर येवडं गढूळ नसतं. वढं आलं की लाल हुतंय." इतक्या साध्या शब्दांत त्यांनी जे सांगितले, ते पुस्तकात दोन पाने घेते. धरणाच्या संथ पाण्यात जड माती तळाला बसते. धरणाच्या खाली मिळणाऱ्या ओढ्यांना अडवणारे मात्र काहीच नसते.

पायरीवर उकिडवे बसून भाच्याने पहिली बाटली भरली आणि ती कठड्यावर ठेवली. आम्ही तिच्याकडे टक लावून पाहत राहिलो. वाळूचे कण मिनिटभरात तळाला गेले. त्यावर हळूहळू पोयट्याचा तपकिरी थर साचू लागला. परंतु वरचे पाणी लालच राहिले, आणि खरा प्रश्न ह्या लाल पाण्याचाच आहे. मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाएवढा चिकणमातीचा कण अगदी स्थिर पाण्यातही दिवसभरात जेमतेम फूटभर खाली बसतो. वाहत्या नदीत तो बसतच नाही. नदी जिथवर जाईल तिथवर तो जातो. वाळू थांबते, पोयटा धरणात थांबतो, आणि समुद्रापर्यंत पोचते ती प्रामुख्याने ही सर्वांत बारीक, सर्वांत काळोख करणारी माती.

पसरणीच्या घाटात धुके इतके होते की समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. पावसाळ्यात हा घाट दुपारी चारच्या आत चढून जावा आणि धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावू नयेत, त्याने उलट काहीच दिसेनासे होते. पाचगणीच्या पुढे रस्त्याकडेला एका काकूंच्या टपरीवर गरम मक्याची कणसे खाल्ली. मीठ-तिखट-लिंबू लावलेले कणीस आणि बाहेर कोसळणारा पाऊस, ह्याहून अधिक काही मागावे असे वाटले नाही.

काकूंचे स्ट्रॉबेरीचे शेत टपरीच्या मागेच होते. लागवड पावसाळ्याच्या शेवटी होते, म्हणून आता जमीन रिकामी होती. परंतु बांधांवर गुडघाभर गवत मुद्दाम राखलेले होते. शेजारी बांधकामासाठी सपाट केलेला एक भूखंड होता, ज्यावर गवताचे पातेही उरले नव्हते. पाऊस दोन्ही जागांवर सारखाच पडत होता. काकूंच्या बांधातून झिरपून गटारात येणारे पाणी फिकट पिवळसर होते. भूखंडावरून येणारी धार मात्र दाट लाल होती आणि तिच्यात हात घातला तर बोटे दिसत नव्हती. दोन्ही धारा हातभर अंतरावर एकाच गटारात पडत होत्या. काकू म्हणाल्या, "बांधाचं गवात काडलं तर माजं शेत एका सालात खाली वाईला जाईल." त्यांना वाईच्या पुढचा विचार करायची गरज नव्हती, परंतु त्यांचे शेत राहणे आणि समुद्राचे पाणी नितळ राहणे ह्या दोन गोष्टी एकाच गवतावर अवलंबून आहेत, हे मला त्या गटाराशी उभे राहून जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते.

शुक्रवार : क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थरसीट

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडते, आणि कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री ह्या नद्यांचा उगम इथे मानला जातो. पुजारीबुवांनी तीर्थ दिले. ते पाणी इतके स्वच्छ होते की तांब्याच्या पळीचा तळ आरशासारखा दिसला. श्रावण असूनही सकाळी गर्दी नव्हती. दगडी फरशी फार निसरडी असते, म्हणून वडीलधाऱ्यांना नेताना हात धरूनच न्यावे.

तिथून आर्थरसीटला गेलो. ह्या अरुंद कड्यावर उभे राहिले की एका बाजूला जोरचे खोरे, म्हणजे कृष्णेचे पाणी, आणि दुसऱ्या बाजूला सावित्रीची दरी, अशी वाटणी पायाखालीच होते. कृष्णेच्या बाजूला पडलेला थेंब सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळतो. सावित्रीच्या बाजूला पडलेल्या थेंबाला अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे पूर्वेकडच्या मातीला वाटेत धोम, अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी एकामागून एक धरणे आडवी येतात, तर पश्चिमेकडची माती रात्री सुटली तर दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी पोचू शकते. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा महाड आणि चिपळूण बुडाले. त्या दिवसांत खाड्यांत किती माती उतरली असेल ह्याचा विचार करत आम्ही ढगांत उभे होतो. क्षणभर ढग फाटले आणि खाली दरीत सावित्रीची लाल रेघ दिसून पुन्हा नाहीशी झाली.

परतताना भाचा म्हणाला, "मावशी, लोकांना वाटतं की गाळ गवताला गाडून टाकतो. तसंही होतं, पण बहुतेक ठिकाणी गवत मरतं ते अंधारानं." समुद्री गवताला पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा सरासरी दहावा-अकरावा हिस्सा तरी तळाशी मिळावा लागतो, आणि काही जातींना तीस टक्क्यांहूनही अधिक. शेवाळाला ह्याच्या कितीतरी कमी प्रकाश पुरतो. त्यामुळे पाणी थोडे गढूळ झाले तरी शेवाळ टिकते आणि गवत उपाशी राहते. दिवसा पानांत तयार होणारा प्राणवायू गवत मुळांपर्यंत पोचवते आणि त्यामुळे चिखलातला विषारी सल्फाइड मुळांपासून दूर राहतो. प्रकाश नसला की हे संरक्षणही जाते. हॅलोफिलासारख्या लहान जाती पूर्ण अंधारात जेमतेम महिनाभर तग धरतात. जाड खोडाच्या मोठ्या जाती साठवलेल्या अन्नावर काही महिने काढतात, परंतु एकदा गेल्या की परत यायला वर्षे लावतात. लहान जाती मात्र चिखलात बिया ठेवून जातात आणि पाणी निवळले की त्यांतून पुन्हा उगवू शकतात.

ह्यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सह्याद्रीतल्या नद्या पावसाळ्यात नेहमीच लाल होत आल्या आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावरचे गवत त्या चार महिन्यांसह जगायला शिकलेले आहे. संकट येते ते गढूळपणा पावसाळ्याबाहेर लांबला तर. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतचा नितळ पाण्याचा काळ हा ह्या गवताचा कमाईचा काळ आहे. तो आखूड झाला की पुढच्या पावसाळ्यासाठी शिल्लक काही राहत नाही. त्यामुळे नदीकडे पाहताना ती आषाढात किती लाल होते ह्यापेक्षा ती कार्तिकात निवळते की नाही हे पाहिले पाहिजे.

रात्री मुक्कामाच्या खोलीत बाटल्या खिडकीत ओळीने मांडल्या. खानावळीत पिठले, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी मिळाली, आणि पावसाने भिजलेल्या अंगाला ती फार मानवली.

शनिवार : केळघरची दरड आणि कास

मेढ्याकडे उतरताना केळघर घाटात दरड आली होती आणि रस्ता बंद होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली, एसटीतले प्रवासी खाली उतरले, कोणी शेंगा वाटल्या, कोणी चहा. पुढे जाऊन पाहिले तर जेसीबी दरडीची माती उचलून रस्त्याच्या दुसऱ्या कडेवरून सरळ दरीत लोटत होता. मातीचा ढिगारा घसरत झाडांमधून खाली जात होता आणि त्याच्या मागोमाग पावसाचे पाणी नवी ओहोळ पाडत होते. खाली वेण्णेचे खोरे होते. वाहतूक तातडीने सुरू करणे आवश्यक आहे, हे मला मान्य आहे, आणि त्या पावसात यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या धैर्याचे मला कौतुकच वाटले. परंतु डोंगर कापताना निघालेली आणि दरडीतून आलेली माती टाकण्यासाठी आधीच ठरवलेली जागा असली, तर तीच माती पुढची कित्येक वर्षे प्रत्येक पावसात थोडी थोडी नदीत उतरत राहणार नाही. घाटरस्त्यांच्या खर्चात हा खर्च धरलाच पाहिजे.

रस्ता सुटायला दुपार झाली. पावसाळ्यात ह्या भागात फिरताना खाण्याचे आणि पाण्याचे सामान नेहमी बरोबर असावे, आणि दिवसाचा कार्यक्रम अर्धा रिकामा ठेवावा.

साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला पोचलो, तेव्हा पठार धुक्यात होते. फुलांचा मुख्य हंगाम सप्टेंबरात असतो आणि तेव्हा आधी नोंदणी करून यावे लागते. आत्ता इथे माणसे थोडी आणि वारा अफाट होता. आम्हांला पाहायचा होता तो वायतुरा. जांभ्या खडकावरच्या ओल्या मातीत एक दांडा वर येतो आणि टोकाशी दुभंगून त्याचे दोन गुलाबी-जांभळे तुरे होतात. ही वनस्पती सह्याद्रीच्या ह्याच भागातली. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. भाचा गुडघ्यांवर बसून पावसात तिचे तुरे न्याहाळत होता. समुद्री गवताच्या सर्व जाती ज्या गणात येतात, त्याच गणात वायतुराही येतो. आपल्या तळ्यांत आणि कालव्यांत सर्रास वाढणारी हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया तर हॅलोफिलाच्या कुळातल्याच. म्हणजे समुद्रकिनारा नसलेल्या साताऱ्यात समुद्री गवताचे सगेसोयरे मुबलक आहेत, आणि नदी निवळली तरच तेही जगतात.

पठारावर दुसरी गोष्ट दिसली ती पाण्याची. इतका पाऊस पडत होता, तरी खडकावरून वाहणारे पाणी नितळ होते. माती वीतभरही नाही, परंतु तिच्यावर गवत, शेवाळ आणि लव्हाळ्यांची घट्ट वीण आहे, आणि त्या विणीने माती धरून ठेवली आहे. पायवाटेवर जिथे माणसांच्या पायांनी ही वीण उसवली होती, तिथून लाल धार निघत होती. म्हणून कासला जाणाऱ्यांनी आखलेली वाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकू नये.

पठाराखालच्या एका वस्तीवर चहा मागितला, तर त्या घरच्या आजींनी आम्हांला ओल्या कपड्यांनिशी चुलीपुढे बसवले आणि नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी वाढली. पैसे देऊ केले तर रागावल्या. "पावसात आलेल्या मानसाकडनं पैसं घ्याचं व्हय?" असे म्हणून त्यांनी निघताना भाच्याच्या हातात भाजलेले फणसाचे बी ठेवले.

रविवार : पाटण आणि कोयनानगर

उंब्रजहून मल्हारपेठमार्गे पाटणला गेलो. २०२१ च्या त्याच जुलैत आंबेघर आणि मिरगाव इथे दरडींखाली घरे आणि माणसे गेली. ह्या तालुक्यातून जाताना ते आठवल्याशिवाय राहत नाही, आणि मातीविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते. धरणात सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावते. पूर्वेकडे जाणाऱ्या ह्या पाण्यातले वर्षाला साधारण साडेसदुसष्ट टीएमसी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवले जाते. बोगद्यांतून पोफळीला, तिथून कोळकेवाडीला, आणि शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला. चहाच्या दुकानात एक निवृत्त काका भेटले, ज्यांचे आयुष्य प्रकल्पावर गेले होते. ते म्हणाले, "आमच्या वडलांच्या शेतावर पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात जायचा, तो आता अरबी समुद्रात जातो." हे पाणी धरणात थांबून आलेले असल्याने त्यात गाळ थोडा असतो. परंतु ते बाराही महिने येते, ऐन उन्हाळ्यातही, जेव्हा कोकणातल्या इतर खाड्या खाऱ्या झालेल्या असतात. समुद्री गवताच्या प्रत्येक जातीची खारेपणाची एक मर्यादा असते. गोड्या पाण्याचा मोठा लोंढा फार दिवस टिकला तर पानेच मरतात. गाळ अडला म्हणजे किनाऱ्याचा प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही ते ह्यामुळे. शिवाय गाळ अजिबात न पोचणे हेही चांगले नाही. कृष्णेच्या मुखाशी धरणांमुळे गाळ फार घटला आहे, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी झिजतो आहे. कांदळवनांना आणि किनाऱ्याला माती हवीच असते. प्रमाण आणि वेळ, ह्या दोन गोष्टींवर सारे आहे.

धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही. नेहरू उद्यानातून ती चांगली दिसते. संध्याकाळी मुक्कामी भाच्याने केलेला प्रयोग मात्र ह्या प्रवासातला सर्वांत मोठा अचंबा ठरला. वाईच्या बाटलीतले वरचे पाणी तळाचा थर न ढवळता त्याने दोन पेल्यांत सारखे ओतले. इतक्या दिवसांनंतरही ते लालसर होते. एका पेल्यात त्याने अर्धा चमचा मीठ विरघळवले आणि दोन्ही पेले दिव्याखाली ठेवले. थोड्याच वेळात मिठाच्या पेल्यात बारीक कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके दिसू लागले आणि ते पुंजके सावकाश खाली उतरू लागले. जेवण होऊन आलो तोवर मिठाच्या पाण्यातून पेल्यामागचे वर्तमानपत्र वाचता येत होते, आणि दुसरा पेला होता तसाच होता.

"नदीमुखाशी नेमकं हेच होतं," भाचा म्हणाला. चिकणमातीच्या कणांवर विद्युतभार असतो आणि त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. पाणी खारे झाले की तो दुरावा संपतो आणि कण एकत्र येऊन तळाला बसतात. म्हणजे शेकडो किलोमीटर न बसलेली माती नेमकी खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, गवत वाढते त्याच जागी उतरते. मग भरती, लाटा आणि वारा तिला पुन्हा पुन्हा वर उचलतात. जिथे गवत दाट आहे तिथे त्याची पाने लाटांचा जोर मोडतात आणि मुळे चिखल घट्ट धरतात, त्यामुळे पाणी निवळते आणि गवत आणखी वाढते. गवत विरळ झाले की हेच चक्र उलटे फिरते. मोकळा चिखल उठत राहतो आणि उरलेल्या गवताला प्रकाश मिळत नाही. एकदा गेलेले कुरण नदी सुधारल्यावरही लगेच परत येत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

सोमवार : प्रीतिसंगम, पलूस, हरिपूर

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीच्या बाजूने खाली पाहिले तर दोन रंगांची सीमा स्पष्ट दिसत होती. धरणातून आलेली कोयना हिरवट राखाडी आणि कृष्णा लाल. पुढे बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही पाणी शेजारी शेजारी वाहत होते. पुराच्या दिवसांत खालच्या पायऱ्यांवर उतरू नये. पाणी शांत दिसते, परंतु काठाशी ओढ फार असते.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठी माझ्या चुलतभावाची, आबांची, ऊसशेती आहे. आबांनी आम्हांला जेवायला थांबवले आणि वहिनींनी शेंगदाण्याची आमटी, भाकरी आणि वर घट्ट दही वाढले. जेवण झाल्यावर आबा शेताकडे घेऊन गेले. एका भागात खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या, सरींमध्ये पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पसरलेले होते, शेजारच्या शेतात ते जाळलेले होते. पाचटाखाली हात घातला तर माती भुसभुशीत आणि गांडुळांनी भरलेली लागली, आणि सरीच्या टोकाला निघणारे पाणी जवळजवळ स्वच्छ होते. जाळलेल्या रानातून मात्र काळपट लाल पाणी वाहत होते. आबा म्हणाले, "पाचट ठेवलं की युरिया कमी लागतोय, तणनाशक पण निम्मं. आधी शेजारी हसायचे."

भाच्याने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडची हकिगत सांगितली, आणि आबांनी ती फार लक्षपूर्वक ऐकली, कारण ती उसाची हकिगत आहे. तिथे ग्रेट बॅरियर रीफच्या किनाऱ्यालगत मोठी ऊसशेती आहे. कुरणांच्या आणि घळींच्या जमिनीतून बर्डेकिनसारख्या नद्यांबरोबर माती येते, तर उसाच्या रानांतून विरघळलेला नत्र आणि ॲट्राझीन, डाययुरॉनसारखी तणनाशके येतात. ही तणनाशके तणाचे प्रकाशसंश्लेषण थांबवतात, आणि समुद्री गवतही त्याच पद्धतीने अन्न तयार करत असल्याने त्यालाही ती बाधतात. गढूळ पाण्याने आधीच कमी झालेला प्रकाश वापरण्याची शक्तीही मग कमी होते. १९९२ मध्ये तिथल्या हर्वी उपसागरात लागोपाठच्या पुरांनी आणि चक्रीवादळाने साधारण एक हजार चौरस किलोमीटर समुद्री गवत नाहीसे झाले, आणि पुढच्या महिन्यांत उपाशी डुगाँग किनाऱ्याला लागले. आता तिथले पुष्कळ शेतकरी ऊस न जाळता तोडतात आणि पाचट रानातच ठेवतात. आबांनी विचारले, "मग गवत परत आलं का?" भाच्याने प्रामाणिकपणे सांगितले की काही ठिकाणी येते, पुन्हा मोठा पूर आला की पुन्हा मागे जाते.

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराचे उदाहरण अधिक आशादायक आहे. तिथे १९८४ पासूनच्या तीन दशकांत उपसागराच्या पाण्यातले नत्राचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि पाण्याखालच्या वनस्पती सुमारे १७,००० हेक्टरांवर परत आल्या. त्यांतली गोड्या पाण्याकडची एक प्रमुख वनस्पती व्हॅलिसनेरियाच आहे, आपल्याकडच्या व्हॅलिसनेरियाची सख्खी बहीण. धरण माती अडवते, परंतु विरघळलेला युरिया त्याच्या दारांतून पाण्याबरोबर निघून जातो. तो अडवण्याची जागा आबांच्या सरीतच आहे.

संध्याकाळी सांगलीला आयर्विन पुलावर थोडा वेळ थांबलो. १९२९ सालचा हा पूल सांगलीकरांसाठी पुराची मोजपट्टीच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी ५७ फुटांवर गेले होते. नंतर हरिपूरला गेलो, जिथे वारणा कृष्णेला मिळते. हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या पेवांसाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध आहे, आणि २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच पेवे निकामी केली. संगमेश्वराच्या घाटावर एक नावाडी काका नाव बांधत होते. नदी केव्हा निवळते असे विचारल्यावर ते म्हणाले, "पयलं दिवाळीला पान्यात पडलेला रुपाया दिसायचा. आता संक्रांतीपर्यंत बी दिसत न्हाई, आनि मग उन्हाळ्यात हिरवं हुतंय." हिरवे होते ते शेवाळाने, आणि शेवाळ वाढते ते खताने आणि सांडपाण्याने. इथे माती खाली बसल्यावरही प्रकाश पाण्यात उतरत नाही.

भाच्याने शेवटची बाटली वारणेच्या बाजूने भरली, चिकटपट्टीवर जागा आणि तारीख लिहिली. कार्तिकात आणि पुन्हा माघात ह्याच ठिकाणांहून पाणी भरून घेण्याचे आमचे ठरले आहे. ज्यांना आपापल्या गावी हे करायचे असेल त्यांनी काचेची एकसारखी बाटली घ्यावी, पाणी काठापासून थोडे आतले आणि पृष्ठभागाखालून वीतभर खोलीवरचे भरावे, आणि बाटलीमागे छापील कागद ठेवून अक्षरे केव्हा वाचता येतात ती वेळ वहीत नोंदवावी. पुराच्या पाण्यात उतरून बाटली भरू नये. दोरीला बांधलेली बादली पुरते. आणि समुद्री गवत प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पावसाळा संपल्यावर, ओहोटीची वेळ स्थानिक कोळीबांधवांना विचारून, त्यांच्याबरोबरच खाडीवर जावे. हॅलोफिलाची पाने चिखलाच्या इतकी लगत असतात की ती पायाखाली आली तरी समजत नाही, म्हणून चालण्याआधी खाली वाकून पाहावे.